बॅटरीला तीर्थ, देवांना बॅटरीचं पाणी

थांबा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण फोनवर परत आंधीचा इशारा आलाय आणि आमच्या घरात कोणालाही त्याचं काही पडलेलं नाही. मी इन्व्हर्टरशेजारी पाट टाकून बसलीये आणि टाइप करतेय. पहारा देतेय, असंच समजा.

आम्ही देवासला राहतो. आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. धारला शाळेत शिकवायची, रिटायर झाल्यावर आमच्याकडे आली, कारण तिला दमा आहे आणि तिला एकटं ठेवायची हिंमत कोणाची होईना. पंप असतोच तिच्याजवळ, पण दमा जोरात उठला की पंपाने भागत नाही, नेबुलायझर लावावाच लागतो. तो चालतो लाइटवर. आता बघा, आंधी आली की धूळ, धुळीने दमा, दम्याला मशीन, मशीनला लाइट, आणि आंधीत आमच्याकडे सगळ्यात आधी काय जातं? लाइट!

म्हणून मागच्या वेळी इशारा आला तेव्हा मी कॉलेजला दांडी मारून तयारी केली. मतलब एकदम पक्की. टंकी भरली, गच्चीतले पत्रे दोरीने बांधले, कुंड्या खाली आणल्या, टॉर्च चार्ज केले. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. आत्याच्या पलंगाशी, इन्व्हर्टरच्या बोर्डाजवळ, नेबुलायझर आणि औषध मांडून ठेवलं.

आई म्हणाली, "लढाई आहे का गं कुठे?"

बाबांना विचारलं, "इन्व्हर्टरचं काय?"

"त्याचं टेंशन तू नको घेऊ. बॅटरीत पाणी मी स्वतः टाकलंय. टकाटक आहे."

बाबा कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. विषय संपला.

संध्याकाळी चहा उकळत होता तेवढ्यात टेकडीच्या बाजूने पिवळीकाळी भिंतच्या भिंत आली. लाइट चालली गेली. इन्व्हर्टर सुरू झाला. बाबांनी माझ्याकडे अशी मान हलवली, जणू वीज तेच बनवतात. ओले टॉवेल असूनही धूळ आलीच आणि आत्याचा खोकला सुरू झाला, मग छातीत शिट्टी. पंप घेतला, काही फरक नाही. मी मशीन लावलं, मास्क चढवला, वाफ आली, तिने जरा डोळे मिटले, आणि इन्व्हर्टर टीं-टीं-टीं करून बंद!

मशीन बंद. आत्या मास्कच्या वरून माझ्याकडे बघतेय. खांदे वरखाली, ओठ पांढरे. बाबा इन्व्हर्टरला थापट्या मारताहेत, म्हणे, "असं कसं? असं होऊच शकत नाही."

"बाबा, झालंय! होऊ शकत नाही काय?"

समोरच्या घरात पंखा फिरताना दिसत होता. तिथल्या शेजाऱ्याला गल्लीत सगळे भिया, म्हणजे भैया म्हणतात. मी दारातूनच ओरडले, "भियाऽऽ! आपका इन्वर्टर चल रहा है क्या?"

"हाँ, मोबाइल चार्ज करना है?"

"आत्या को मशीन लगानी है!"

"तो चिल्ला क्यों री हे, ले के आ ना!" असं म्हणत तो स्वतःच पळत आला.

आत्याला चालणं शक्य नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावरून ओली चादर, एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने भिया, मी मशीन छातीशी धरून मागे. गल्लीत पत्रे उडताहेत आणि भिया म्हणतोय, "बुआजी, पालकी निकल री हे आपकी, आराम से बैठो."

त्याच्या हॉलमध्ये मशीन लागलं. आईही मागून धावत आली. हळूहळू शिट्टी कमी झाली, ओठांना रंग आला. मास्क काढल्यावर आत्याचं पहिलं वाक्य, "यांच्या पडद्यांवर केवढी धूळ आहे."

"क्या बोल री हें बुआजी?"

आई पटकन म्हणाली, "आपको आशीर्वाद दे रही हैं."

मी तिथेच रडले, आणि हसलेही. पण राग काही गेला नाही. सगळी तयारी करूनसुद्धा माणूस खुर्चीत घालून रस्त्यावर न्यायला लागतो?

दुसऱ्या दिवशी बाबांचं एकच पालुपद, "कंपनीने बॅटरीच खराब दिली." मी इन्व्हर्टरखालची बॅटरीच्या पाण्याची कॅन ओढून उजेडात धरली. तळाला रेती!

"बाबा, डिस्टिल्ड पाण्यात रेती कुठून आली?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. झालं असं होतं, की खलघाटहून नर्मदेचं पाणी आणताना त्यांनी बॅटरीच्या पाण्याचीच रिकामी कॅन नेली होती. स्वच्छ असते, झाकण घट्ट असतं. म्हणजे घरात दोन कॅन, एकसारख्या, एकच स्टिकर. एक इन्व्हर्टरखाली, एक देवघरात. पाडव्याच्या साफसफाईत दोन्ही ओसरीत निघाल्या आणि परत जाताना जागा बदलल्या. तेव्हापासून बाबा बॅटरीला तीर्थ पाजत होते. बॅटरीला साधं पाणीच सोसत नाही, हे तर नदीचं.

"आणि देवांना?" आईने विचारलं.

आत्या देवघरातून म्हणाली, "तरीच! म्हटलं यंदा देव इतके लख्ख कसे. अभिषेक केला तरी एक पांढरा डाग म्हणून नाही."

"नर्मदेच्या पाण्याने काही वाईट होत नाही," बाबा पुटपुटले.

"बॅटरीला कुठे कळतं ते!" आई म्हणाली.

मी म्हटलं, दोन्ही कॅन फेकून देते. झालं! "तीर्थ फेकतेस?" आत्या. "चांगलं डिस्टिल्ड आहे, फेकायचं कशाला?" बाबा. शेवटी ठरलं की नर्मदेच्या कॅनला कुंकू लावायचं. म्हणजे कुंकवाची देवाची, कोरी बॅटरीची. नवी बॅटरी आली. मी खुश.

आणि आत्ता, इशारा आल्यावर बघते तर दोन्ही कॅनना कुंकू! दोन्ही!

"आत्या, हे काय?"

"अगं, त्या पाण्यानेही देव न्हाले ना इतके दिवस? तेही तीर्थच झालं आता. तसंच ओवळं ठेवायचं का?"

आणि बाबा आत्ता बनियनवर हॉलमध्ये येऊन म्हणताहेत, "सरक जरा, बॅटरीत पाणी बघतो." हातात कुंकवाची कॅन. कुठली? त्यांनाही माहीत नाही! मी उठणारच नाहीये. डिस्टिल्ड पाण्याची सील न तोडलेली नवी बाटली माझ्या कपाटात कपड्यांखाली आहे, किल्ली माझ्याकडे. भियाला पण सांगून ठेवलंय. म्हणाला, "पालकी तैयार हे."

आत्या पलीकडे वाती वळतेय, श्वास एकदम साफ आहे, आणि मलाच म्हणतेय, "इतका त्रागा करू नये गं, दमा लागेल."

सच्ची सांगा, तुमच्या घरी पण असंच होतं का? तुम्ही सगळं नीट लावून ठेवता आणि घरचेच ते बिघडवतात, तेही एकदम प्रेमाने?