खंडेनवमीचं अपग्रेड

शिरोली एमआयडीसीत माझ्या मामाचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीत वाळूत ठसा उमटवून त्यात लोखंड ओततात. त्या ठशासाठीचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, मामाकडं तयार होतात. तिथला लिनक्स सर्व्हर माझ्याकडे असतो, म्हणजे तो बिघडला की बोलणी मी खायची. खंडेनवमीला सगळं काम बंद, म्हणून अपग्रेडला मी तोच दिवस धरला.

"आज औजाराला हात लावायचा न्हाय," मामा म्हणाला.

"कॉम्प्युटर काय औजार आहे?"

"मग काय देव हाय? सकाळीच हळदकुंकू लावलंय त्येला."

मी ऐकते थोडीच! पूजेसाठी झाडून-पुसून बंद ठेवलेला सर्व्हर सुरू केला, अपग्रेड लावलं आणि मामीच्या कडाकण्या खात बसले. अपग्रेड सुरळीत पार पडलं. फक्त चाचांची ड्रॉइंगं गायब.

चाचा म्हणजे वर्कशॉपचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी जन्मभर हातानं काढलेली ड्रॉइंगं आम्ही स्कॅन करून ठेवली होती. मूळ कागदांचा पुढं पुराच्या पाण्यात लगदा झाला. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी पेन्सिल सोडलीय. दुसरी कॉपी काढून ठेवू म्हटलं की मामा नुसता "ठेवू की" म्हणायचा. आणि पूजेला आलेले चाचा नेमके माझ्या मागं खुर्चीत बसलेले.

ड्रॉइंगांसाठी सर्व्हरमधली एक आणि बाहेरच्या पेटीतली एक अशा दोन डिस्क जोडून मी एकच मोठं कोठार केलं होतं; त्यातली एक नसली की सिस्टीम ते उघडतच नाही. एक डिस्क सापडत नाही, असं स्क्रीनवर सरळ लिहून येत होतं. पण माझं डोकं फिरलेलं. नव्या आवृत्तीलाच डिस्क ओळखता येत नाही असं धरून बसले आणि तिला शिव्या घालण्यात सगळी दुपार घालवली. मामा अधूनमधून येऊन "सांगिटलं हुतं न्हवं?" म्हणून जायचा.

शेवटी टेबलाखालची ती डिस्कची पेटी पुढं ओढली. तिच्यावर झेंडूचा भलामोठा हार. तो उचलला तर पेटीचा एकही दिवा पेटलेला नाही. पेटीची वायर फरशीवर लोळत होती आणि तिच्या जागी पूजेच्या लायटिंगच्या माळेचा प्लग खोचलेला.

"मामा!"

मामानं आधी माळेकडं बघितलं, मग पेटीकडं. "दुसरा बोर्ड लांब हुता की गं," तो म्हणाला.

मला राग यावा की हसू, कळेना. वायर लावली, कोठार उघडायची आज्ञा दिली आणि सगळी ड्रॉइंगं स्क्रीनवर आली. इतकं हायसं वाटलं की मामाचं सगळं माफ केलं.

चाचा उठून जवळ आले. "गुऱ्हाळाचा चरक हाय काय बघ त्यात, बेटी."

मी तो उघडला. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि चरकाच्या रेषेवरनं सावकाश फिरवलं. बोट थरथरत रेषेबाहेर जायचं, ते पुन्हा आत आणायचे.

"लई झ्याक हात हुता की माझा," ते खुशीत म्हणाले. "आता म्होरलं दाव."