दाखलेबाई आणि नववीचा पट

सातपूरच्या आमच्या छोट्या सरकारी शाळेत कुणी प्रवेशाला आलं, की दाखलेबाई मुलाचं नाव नंतर विचारायच्या. आधी बापाला विचारायच्या, "कोणती शिफ्ट?" प्रवेशअर्जात हा रकाना कुठेच नसतो. पण पोरगं चार दिवस दिसलं नाही, की शिफ्ट सुटायच्या वेळी बाई कंपनीच्या गेटवर हजर. मग बापाची काय बिशाद पोराला घरी बसवायची.

बाई आमच्या क्लार्क. मूळच्या निफाडकडच्या, बोलणंही तिकडचंच. आमची निम्मी पोरं बाहेरून आलेल्या कामगारांची. कुणी बिहारचं, कुणी परभणीचं, कुणी सुरगाण्याचं. बाईंची हिंदी भयंकर होती, तरी बिहारी आया मुख्याध्यापकांना सोडून त्यांच्याकडेच जायच्या. "त्यांला समजतं ना, बास झालं," असं बाईंचं म्हणणं.

कामगारांचं बिऱ्हाड पाठीवर. काम सुटलं की बाप दाखला मागायला दारात. एका वर्षी माझ्या नववीचा पट अगदी काठावर आला. अजून एक जण गेला असता तर तुकडी बंद आणि मी अतिरिक्त, म्हणजे मिळेल त्या गावी रवानगी. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पटपडताळणीला आठ दिवस उरले होते आणि नेमका माझ्या वर्गातल्या आरतीचा बाप दाखला मागायला आला.

मी बाईंना बाजूला घेतलं. "आठच दिवस थांबवा. साहेब सहीला नाहीत म्हणा."

"सर, दाखल्याबिगर पोरगी घरी बसंल, आन् आठ दिवसांत धुण्याभांड्याला लागंल. मग कोण पाठवतं शाळेत? लय पाहिल्या मी अशा."

त्यांनी तिथल्या तिथे दाखला लिहिला, स्वतः सही आणली आणि बापाला दम भरला, "तिकडच्या शाळेत नाव घातलं की मला फोन करायचा."

तुकडी बंद झाली. मला घोटीची शाळा मिळाली. रोजची जा-ये, आणि आई दिवसभर शेजाऱ्यांच्या भरवशावर. निरोपाला बाईंनी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. मी डबा घेतला, पण धड बोललो नाही. "धरा राग, सर. तुमचा हक्क हे," त्या म्हणाल्या.

यंदा जूनमध्ये त्यांचा फोन आला. "सर, आरती दहावी पास झाली. म्हटलं, पहिलं तुम्हाला सांगावं."

फार आनंद झाला, असं मी म्हणालो. खरं तर मी आरतीचा चेहरा आठवत होतो. तो काही केल्या आठवेना. मी तिला फक्त मोजलं होतं.