माय भांडायली

ज्यांना माझी भाषा अशुद्ध वाटते, त्यांनी इथंच थांबावं. मी काही सुधारायची न्हाई. ही मस्ती मला आमच्या सरांनी लावली, अन् त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी हाय.

सर परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. शनिवारी तास संपले की ज्यांना लिहायची हौस, त्यांना मागच्या खोलीत घेऊन बसायचे. मी येलदरीकडून एसटीनं यायचे. पहिल्याच शनिवारी सरांनी घरातलं एक माणूस लिहायला सांगितलं. मी मोठ्या ऐटीत उभी राहून वाचलं, की माझी आई मला प्रेमाने म्हणाली, बाळा, लवकर परत ये. सरांनी विचारलं, घरी काय म्हणतेस तिला? म्हणलं, माय.

"मग ही बाई कोण आहे?" सर म्हणाले.

पोरं हसली. माझे कान तापले, लय राग आला. त्या रागातच घरी जाऊन मायची खरी गोष्ट लिहिली. आमच्या फाट्यावर एसटी थांबायची न्हाई, तवा माय रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, मला आत चढवलं अन् ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनाबी धुऊन काढलं. ती बोलली तसंच उतरवलं. सर वाचता वाचता इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायची पाळी आली. एका दिवाळी अंकाला गोष्ट पाठवायला त्यांनीच लावली.

काही दिवसांनी संपादकांचा फोन आला. गोष्ट आवडली, भाषा तेवढी शुद्ध केलीय, होकार द्या, छापतो. होकार नसेल तर मात्र जमणार नाही. माणूस गोड बोलायचा, त्यात वाद न्हाई. त्यांनी पाठवलेली गोष्ट मोबाइलवर उघडून बघितली, तर 'माय भांडायली'च्या जागी 'आई भांडू लागली'. आता सांगा. भांडायली म्हणजे आमच्याकडं भांडतेय, भांडण चालू हाय. भांडू लागली म्हणजे आत्ता कुठं सुरुवात. अहो, माझी माय काय त्या दिवशी सुरू झाली का? मला कळतंय तवापासून ती भांडायलीच हाय. रेशनवाल्याशी, दिराशी, सगळ्यांशी. एका शब्दात त्यांनी तिची उभी हयात पुसून टाकली.

पण मला ते छापून यायला पाहिजेच होतं. चुलते रोज बापाच्या मागं लागले होते, की कॉलेज बंद कर, पोरीचं उरकून टाक. अंकात नाव आलं असतं, तर बापाला त्यांच्या तोंडावर मारायला काहीतरी मिळालं असतं. मी सरांकडं गेले. वाटलं, ते हो किंवा न्हाई सांगतील अन् मी सुटेन. सरांनी तसलं काही केलं न्हाई. कपाटातून स्वतःचं पुस्तक काढलं. त्यांच्या गावच्या, पेडगावच्या घराबद्दल तरुणपणी लिहिलेलं, असंच शुद्ध करून छापलेलं.

"ह्यात माझी माय पानापानावर हाय," ते म्हणाले. "पण एकदाबी बोललेली न्हाई. आता ती गेली. ती कशी बोलायची, कुणाला विचारू?"

वर्गात इतकं नीट बोलणारे सर, अन् तोंडून हे असं निघालं. मी तिथूनच संपादकांना नकार कळवला.

दिवाळीत चुलते मुद्दाम विचारायला आले, कुठाय गोष्ट? बाप खाली बघत बसला. मी तोंड उघडणार, तोवर चुलीपुढून मायच उठली.

"पोरगी शिकायलीय," ती म्हणाली.

'शिकली' न्हाई, 'शिकणार' न्हाई, 'शिकायलीय'. चुलत्यांनी चहा अर्धा ठेवला अन् गेले. कॉलेज कुणी बंद केलं न्हाई.

पुढं माझं पुस्तक निघालं. त्याही वेळी छापायच्या आधी तपासायची मुद्रितं भाषा शुद्ध होऊनच आली, मी एकेक शब्द परत जागेवर बसवला. सर, तुमची माय कशी बोलायची, ते मला माहीत न्हाई. पण माझी बोलायलीय. तुमच्यामुळं बोलायलीय. तिला आता कुणी गप करून दाखवावं.