शाळेमागची भाजी

शिपाईमामांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ते शाळेमागून खुडून आणलेली पानं नळाखाली धूत होते. रोज हीच भाजी खायचे. मला वाटलं, काय हा चिकटपणा!

पुढे तपासणीच्या आदल्या दिवशी मी मुलांकडून मागचं सगळं गवत उपटून घेतलं. ते गवत नव्हतं, मामांनी पेरलेली भाजी होती. वनस्पतींचा धडा शिकवणाऱ्या मला ती ओळखता आली नाही.

मामा मोकळ्या जमिनीकडे पाहत म्हणाले, "मुळासकट काढलंय, बाई. पोरांना काम चोख शिकवलंत."

दुपारी ते नुसता भात जेवले. मी डबा पुढे केला. "असू दे, झालं माझं," म्हणाले. आजही आठवलं की मान खाली जाते.

आता निवृत्त झालेत. घराच्या पायरीवर चार डब्यांत भाजी लावतात आणि तीच खातात.