दोघींचा मुराळी

जळगावच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला 'कुटुंब: एक सामाजिक व्यवस्था' असा एक धडा आहे आणि तो शिकवताना मला चेव येतो. फळ्यावर मोठा चौकोन काढायचा, आत आजी-आजोबा, मुलगे, सुना, लेकी अशा चौकटी आखायच्या आणि एकीकडून दुसरीकडे बाण सोडायचे. कोणाची भूमिका काय, कोणाचा शब्द कुठवर चालतो, एक भाग हलला की बाकीचे कसे हलतात. तासाअखेर फळा भरलेला असतो, खडूने माझी साडी पांढरी झालेली असते आणि आपण काहीतरी भरीव केलं असं मला वाटत राहतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी हाच धडा चालू होता. व्यवस्था समतोल कसा राखते याचं उदाहरण म्हणून मी आखाजी घेतली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि खानदेशात तो लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुलीला आणायला तिचा भाऊ किंवा बाप येतो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला की सून माहेरी निघते आणि त्याच सुमारास त्या घरच्या लेकी आपापल्या सासरहून इकडे येतात. झोके, गाणी, आमरस आणि खापरावरचे मांडे. मी अगदी ऐटीत म्हटलं, बघा, एक गट जातो, दुसरा येतो, समतोल कायम.

मागच्या बाकावरून पाचोऱ्याकडच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, सगळ्या सुना माहेरी गेल्या तर आलेल्या लेकींना रांधून कोण घालतं?"

वर्ग हसला. मीही हसले. उत्तर मला माहीत होतं. चोपड्याजवळच्या आमच्या गावातल्या घरी, चुलीपुढे ती बसलेली असते. माझी मोठी जाऊ.

तिला मी अक्का म्हणते. मी आणि माझा नवरा नोकरीपायी जळगावला; अक्का, तिचे यजमान म्हणजे माझे जेठ आणि सासू-सासरे गावी, केळीच्या बागेवर. अक्काचे आईवडील तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. एकुलता भाऊ सुरतेला कारखान्यात लागला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून तिला मुराळी नाही. घरानेही ते किती सहज पचवलं होतं. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजायची असते, तिला पुरणाचा नैवेद्य लागतो. तो अक्का करायची. नणंदा यायच्या, त्यांच्यासाठी मांडे अक्काच करायची. मांडा म्हणजे ताटाएवढी पातळ पुरणपोळी, हातावर फिरवत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. बाहेर चाळीस-बेचाळीसचं ऊन, आत चुलीची धग. नणंदा म्हणायच्या, अक्काचा हात म्हणजे सोनं. कौतुक खरंच होतं, पण त्याने कोणी माहेरी जात नाही.

त्या दिवशी तास संपवून मी स्टाफरूममध्ये चहा घेतला आणि मला मनस्वी राग आला. राग कोणा एका माणसावर नव्हता, म्हणून तर तो जास्त होता. सासूबाई दुष्ट नव्हत्या, नणंदा आळशी नव्हत्या. वर्षभर सासरी राबून त्या चार दिवस टेकायला यायच्या, तो त्यांचा हक्कच. प्रत्येकजण आपापल्या जागी रास्त होता आणि त्या सगळ्या रास्तपणाचा भार एकाच बाईच्या मनगटांवर होता.

रविवारी गावी गेले तेव्हा अक्काला सरळच विचारलं, यंदा माझ्यासोबत माझ्या माहेरी चलता का. ती बाजेवर ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"मनं माहेर सरनं आते," ती आमच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे माझं माहेर संपलं आता. "तुना माहेरले मी काय म्हनीसन येऊ?"

सुपातले खडे वेचून झाले, दुसरं सूप भरलं. मग मान वर न करता तिने विचारलं, "तुमना गावमा झोका कोठे बांधतस?"

मला तेवढं पुरेसं होतं. तिला यायचं होतं, मनापासून यायचं होतं. पण बोलावणं नसताना सून दारातून निघाली तर ती पळून गेल्यासारखी दिसते, हे ती जाणून होती आणि मीही. तिला मुराळी हवा होता, रीतसर, ओसरीवर बसून 'लेक न्यायला आलो' म्हणणारा.

मी माझ्या वडिलांना फोन लावला. धुळ्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणते. त्यांना मी एकटीच मुलगी. मी म्हटलं, आबा, यंदा दोघींचे मुराळी व्हा. मला वाटलं होतं ते लगेच हो म्हणतील. ते म्हणाले, "तिना भाऊ जित्ता शे. मी परबारे गऊ तं त्याले कसं वाटी?"

मी इतकी वर्षं व्यवस्था शिकवते, पण हा बाण काही माझ्या फळ्यावर नव्हता. आबांनी गावातल्या कोणाकोणाला विचारून अक्काच्या भावाचा सुरतचा नंबर मिळवला आणि त्याच्याशी स्वतः बोलले. तो म्हणाला, आबा, तिला माझ्या वतीने न्या, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आबांनी त्याला चांगलं खडसावलं की तोंड दाखवायला जागा लागत नाही, एसटी लागते. आणि मग मला फोन करून सांगितलं की परवानगी झाली, आता येतो.

खरी भिंत पुढेच होती, आमच्या ओसरीवर. सासऱ्यांना सारा गाव नाना म्हणतो. नानांसमोर सुना बोलत नाहीत. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्या नानांना सांगतात, उत्तर त्याच वाटेने परत येतं. माझी कॉलेजातली नोकरीसुद्धा याच वाटेने मंजूर झाली होती. त्या वाटेवर अक्काचा प्रश्न टाकला असता तर तो सासूबाईंपाशीच अडला असता, कारण नैवेद्याची जबाबदारी त्यांची आणि त्यांचे गुडघे पार गेलेले.

पण नानांची एक गोष्ट मला माहीत होती. तरुणपणी ते धाकट्या बहिणीचे मुराळी होऊन तिच्या सासरी गेले होते. तिथल्यांनी शेंगा काढायची वेळ आहे असं सांगून त्यांना एकटंच परत पाठवलं. भर उन्हात रिकामे परत आले. ही हकीकत ते आजही सांगतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा तितकाच उतरतो. तेव्हापासून आमच्या घराचा कायदा आहे, आपल्या दारातून मुराळी रिकामा जाणार नाही. मी मनाशी म्हटलं, या घरात चुलीपेक्षा मोठं काही असेल तर तो हा कायदा. त्यालाच हात घालायचा.

आखाजीच्या आधी आबा जीप घेऊन आले. पांढरं धोतर, नवी टोपी, हातात दोन पिशव्या. मोठी नणंद त्याच सकाळी पोचली होती आणि पंख्याखाली पाय पसरून बसली होती. नाना बाजेवर, जेठ आणि माझा नवरा बाजूला. मी आणि अक्का आतल्या दाराशी. पाणी झालं, चहा झाला, केळीच्या भावावर बोलणं झालं. मग आबांनी दोन्ही पिशव्या पुढे ठेवल्या.

"नाना, मी दोन्ही आंडेरीस्ले लेवाले उनू."

आंडेर म्हणजे लेक. मोठ्या सुनेच्या भावाचा निरोप आबांनी नीट सांगितला, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. नाना ऐकत होते आणि त्यांचं लक्ष पिशव्यांकडे होतं.

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "आनि घागरना निवद कोन करी?"

प्रश्न खोटा नव्हता. नणंदेने पाय जवळ घेतले. तिला कळलं की आता सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे वळणार. ती म्हणाली, "माहेरले येईसन बी मनी चूलच का?" तेही खरं होतं. एकीची सुटका दुसरीच्या गळ्यात पडणार असेल तर मी केलं काय?

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. "मुराळी उना," ते म्हणाले. "पहिले मोठीले इचारा, तिले जानं शे का?"

हा प्रश्न नेहमीच्या वाटेने निघाला होता. सासूबाईंनी अक्काकडे पाहिलं. रीत अशी की अक्का हळूच काहीतरी पुटपुटणार आणि सासूबाई ते ओसरीवर पोचवणार. काय पोचवणार ते त्यांच्या हाती. अक्काचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला आणि सुटला. ती उंबऱ्यापर्यंत गेली. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता.

"माले जानं शे, नाना."

इतक्या वर्षांत सासऱ्यांशी तिचं हे पहिलं वाक्य. आवाज मोठा नव्हता, पण कापलाही नाही. जेठ जमिनीकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरायला मी दाराची चौकट धरून ठेवली.

नानांनी टोपी डोक्यावर घातली. "मंग जाय," ते थेट तिला म्हणाले, कोणाच्याही मार्फत नाही. मग लेकीकडे वळले. "आनि तू बठ. तुना दोन्ही भाऊ शेतस ना? ते करतीन निवद."

माझ्या नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. आखाजीला आमच्याकडचे पुरुष पत्ते कुटतात, हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. तो तोंड उघडणार तोच जेठ उठले, आत गेले, अक्काची भरून ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलून आणली आणि जीपमध्ये ठेवली. अक्काने त्यांना पुरणाची डाळ कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं.

अमळनेर मागे पडल्यावर अक्का म्हणाली, खापर नीट तापलं नसलं तर मांडा चिकटेल. आबा म्हणाले, चिकटू दे.

तो चिकटलाच. आखाजीच्या दिवशी सकाळीच जेठांचा व्हिडिओ कॉल आला. कपाळावर घाम, मिशीला पीठ. "पुरन ढिलं व्हयनं, आते काय करानं?" अक्काने फोन हातात घेतला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. परातीत पसरा, वारा लागू द्या, कणीक अजून तिंबा, घाई करू नका. मागे नणंदा हसून हसून बेजार झालेल्या दिसत होत्या आणि त्यातली मोठी, बसवेना म्हणून की काय, शेवटी आपणहून भावाला मांडा फिरवायला शिकवत होती. सासूबाई खुर्चीवर बसून चुका काढत होत्या. त्यांच्या तोंडावरची मजा लपत नव्हती. पितरांना त्या वर्षी फाटके मांडे मिळाले. त्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. यंदाही माझा नवरा आणि जेठच चुलीपुढे बसले आणि माझा नवरा आता आपल्या मांड्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर पाठवतो, त्याला कोणी आवरू शकत नाही.

त्या पहिल्या आखाजीला दुपारनंतर माझ्या माहेरच्या गावी निंबाखाली बायका जमल्या. जाड फांदीला दोराचा झोका होता. माझी आई घरून पाट घेऊन आली आणि तिने तो अक्कासाठी दोरात बसवला. अक्का आधी नको नको म्हणाली. मग पदर कमरेला खोचला, पाटावर उभी राहिली आणि दोन्ही दोर हातात घेतले. ज्या मनगटांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आखाजीचे मांडे फिरवले, ती मनगटं मी बघत होते. मला आयुष्यात क्वचितच इतका आनंद झाला आहे.

गर्दीतल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून तिला निरखलं. "कोननी वं तू?" तिने विचारलं.

अक्काने माझ्या वडिलांच्या घराकडे बोट दाखवलं. "त्या घरनी."

"आबाले तं एकच आंडेर शे," म्हातारी म्हणाली.

"दोन शेतस," अक्का म्हणाली, "मी मोठी," आणि तिने गुडघे वाकवून झोका उंच नेला.