अर्ध्या किलोत न मावणाऱ्या प्रमोदिनीताई

आमच्या दहिवलीच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की पहिला फोन प्रमोदिनीताईंना जातो आणि दुसरा बाळाच्या आजीला, असं त्यांचे यजमान हरीभाऊ म्हणतात. त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. ताईंनी तीस वर्षं बालवाडी चालवली आणि त्या सगळ्या वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक बाळाला कुंची, झबलं आणि दुपटं शिवून दिलं. खणाची कुंची, तिला आतून जुन्या सुती साडीचं मऊ अस्तर. माझ्या अंतराचा बारशाचा फोटो आहे, त्यात बाळापेक्षा कुंचीच जास्त दिसते.

निवृत्तीनंतर ताईंचा हात रिकामा राहीना. मागच्या वर्षी गणपतीत अंतरा त्यांच्याकडे आरतीला गेली ती दोन तासांनी परतली आणि मला म्हणाली, "आई, मी काकूंचं ऑनलाइन दुकान काढून देणार आहे."

अंतरा बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. तिचा अभ्यास बुडेल ही एक काळजी आणि दुसऱ्याच्या घरचे पैसे बुडतील ही दुसरी. मी म्हटलं, "अगं, पैसे अडकले तर? त्या लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

"आई, कुंच्या विकायच्यात. जमीन नाही."

ताईंनी तर त्याच आठवड्यात शिळफाट्याहून खणांचा गठ्ठा आणला आणि हाताखाली सुरेखाला घेतलं. सुरेखा पळसदरीची. शनिवार-रविवारी मुंबईकर येतात अशा एका बंगल्यावर ती झाडलोट, भांडी, चादरी असं काम करायची. पाहुणे जातील तेव्हा काम संपायचं; कधी रात्री अकरा, कधी दुसरा दिवस. तिची टाक्याची सफाई ताईंनी बालवाडीच्या दिवसांपासून पाहिली होती. ताई तिला म्हणाल्या, "बंगला सोड. तुला बारा महिने काम देते. माझा शब्द."

सुरेखानं शब्दावर बंगला सोडला. माझी तिसरी काळजी तिथून सुरू झाली.

सुरुवात मात्र झोकात झाली. अंतरानं उन्हात फोटो काढले, झबल्यात बाहुली बसवली आणि तीन कपड्यांच्या संचाची किंमत सहाशे एकोणपन्नास ठेवली. ज्या साइटवर दुकान उघडलं ती कंपनी त्यातून काय काय कापून घेणार हे तिनं मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. विक्रीवर कमिशन, दर ऑर्डरमागे एक ठरावीक आकार, पार्सलचं भाडं आणि या सगळ्यावर कर. कापड आणि सुरेखाची मजुरी वजा जाता संचामागे चाळीस-पंचेचाळीस रुपये उरायला हवे होते.

ऑर्डरी येऊ लागल्या. नाशिक, सांगली, एकदम नांदेड. ताई प्रत्येक ऑर्डरचं गाव मोठ्यानं वाचायच्या आणि हरीभाऊ तिथे कुठली गाडी जाते ते सांगायचे. रेल्वेतली नोकरी संपली तरी वेळापत्रक त्यांच्या डोक्यात तसंच होतं.

"नांदेडला कोण गं बाळंत झालं असेल?" ताई विचारायच्या.

"बाई, आपल्याला काय बारशाला बोलावणार हायत?" सुरेखा म्हणायची.

"बोलावलं तर जाईन."

कंपनीकडून पैसे मात्र कमी यायचे. अंतरानं खोदून पाहिलं तेव्हा कळलं की भाडं जास्त कापलं जातंय. त्या कंपनीचा हिशोब अर्ध्या-अर्ध्या किलोचा. पार्सल अर्ध्या किलोच्या आत असेल तर एक भाडं. जरा वर गेलं की पूर्ण किलोचं, म्हणजे चाळीस रुपये जास्त. आमचा संच तीनशे साठ ग्रॅम, पुठ्ठ्याची पेटी सत्तर. चारशे तीस. तरीही प्रत्येक पार्सलला किलोचं भाडं.

अंतरा पेटली. तिनं तक्रारीवर तक्रार केली. संचाचा वजनकाट्यावरचा फोटो जोडला, पेटीचा वेगळा जोडला. तिकडून उत्तर आलं, सोबत फोटो. आमचंच पार्सल, त्यांच्या काट्यावर, पाचशे चाळीस.

"काटा खोटा आहे यांचा," अंतरा म्हणाली. "मी ग्राहक मंचात जाणार आहे."

"बाई गं, कोर्टकचेरी नको," मी म्हटलं. मला डोळ्यांसमोर वकील दिसू लागले होते.

दुसऱ्या दिवशी ती काटा घेऊन ताईंकडे गेली आणि मी तिच्या मागोमाग. ओटीवर चार पेट्या चिकटपट्टी लावून तयार होत्या. अंतरानं त्यातली एक उचलली.

"ती बंद केलीय गं," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "आता कशाला परत? चहा घे आधी."

"नुसती ठेवते काकू, उघडत नाही."

काट्यावर आकडा आला. पाचशे त्रेचाळीस. अंतरानं दुसरी ठेवली. पाचशे अडतीस. सुरेखा सुईत दोरा ओवायला लागली, आणि त्या सुईत दोरा आधीच होता.

अंतरानं पेटी उघडली. कुंची, झबलं, दुपटं आणि दुपट्याच्या घडीत लाल कापडाची गाठ मारलेली पुडी. आत खारका, बदाम, खोबऱ्याचा तुकडा, चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा.

"काकू, हे काय?"

"बाळंतविडा," ताई म्हणाल्या, जणू अंतरानं सूर्याकडे बोट दाखवून हे काय असं विचारलं होतं. "बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?"

"तुम्ही जात नाही आहात! पार्सल जातंय!"

"पार्सल माझ्याच घरून जातंय ना?"

अंतरा सुरेखाकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"मी काय बोलू? पुड्या मीच बांधते. बाई बोलल्या, पोरीला सांगू नको, ती वजन करल."

अंतरा खाली बसली. तिनं कंपनीला लिहिलेल्या पत्रांत 'उघड फसवणूक' हे शब्द होते, मोठ्या अक्षरांत. थोडा वेळ तिचा चेहरा रडवेला झाला आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. ताई हसल्या, सुरेखा हसली, आतून हरीभाऊ विचारू लागले, "काय झालं, कोण गेलं?"

मला हसता हसताही काळजी वाटली. पुडीला मुंग्या लागल्या तर? कुणाला बदाम सोसत नसेल तर? अंतरानं वेगळाच मुद्दा काढला, की खाण्याची वस्तू विकायला परवाना लागतो.

"विकतंय कोण?" ताई म्हणाल्या. "मी देतेय."

हसणं ओसरल्यावर अंतरानं गंभीर होऊन हिशोब मांडला. जास्तीचं भाडं चाळीस, पुडीतला जिन्नस आणखी पस्तीस-चाळीस. ताईंनी खारका-बदाम खर्चात कधी धरलेच नव्हते, 'घरातलेच तर आहेत' म्हणून. स्वतःची मजुरीही नव्हती धरली.

"मला कोण मजुरी देणार?"

"काकू, प्रत्येक संचामागे तुम्ही घरातले तीस-पस्तीस रुपये घालताय. वर दिवसभर मशीन मारताय. हे असं होळीपर्यंतही चालणार नाही."

ताईंनी मान वर केली नाही. सुरेखा घडी घालता घालता थांबली होती. दुकान बंद झालं तर पहिलं काम तिचं जाणार, हे सांगायची गरज नव्हती. बंगल्याच्या शेटचे फोन अजून येत होते. नवी बाई टिकत नव्हती.

"पुडी बंद," ताई म्हणाल्या. सुरेखाकडे न बघता म्हणाल्या.

मग एक महिना पुडीविना गेला. पेटीवर चिकटपट्टी लावायचं काम त्यांनी सुरेखाकडे दिलं. "माझ्यानं होत नाही. उपाशी धाडल्यासारखं वाटतं," असं मला एकदा म्हणाल्या. भाडं मात्र झटक्यात उतरलं आणि अंतरा खूश झाली.

ती खुशी पंधरा दिवस टिकली. मग पार्सलं परत येऊ लागली. एकीला रंग फोटोपेक्षा गडद वाटला. एकीला अस्तर जाड वाटलं. माल परत आला की जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी आमच्याच डोक्यावर. शिवाय संच चुरगळून यायचा तो पुन्हा धुवा, इस्त्री करा. अठरा पार्सलांत पाच परत.

पाचव्यात तर कमाल होती. कारण लिहिलं होतं 'माप बरोबर नाही'. कुंचीचा बंद ताणलेला, आत पावडरचा वास आणि काठावर काजळाचा ठिपका. बारसं झालं होतं, फोटो निघाले होते आणि कुंची परत आली होती!

अंतरा संतापली. मीही. अशा लोकांना काय म्हणायचं?

ताईंनी कुंची नाकाला लावली आणि त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. "बाळ गुटगुटीत आहे हं. बंद बघ किती ताणलाय. आणि नाव काय ठेवलं असेल गं?"

"नाव विचारायला फोन लावू का बाई?" सुरेखा म्हणाली. "सांगते, बाळाची टोपी मिळाली, बाळ कधी धाडताव?"

त्या दिवशी अंतरा परतीची सगळी माहिती काढून बसली, महिना तोट्यात का गेला हे शोधायला. भाडं तर वाचलं होतं. मग तिनं आधीच्या पार्सलांची परती पाहिली. पुडी घातलेली चाळीसच्या आसपास पार्सलं गेली होती. परत आलं होतं एक, तेही पत्ता चुकल्यामुळे. तिनं ग्राहकांचे अभिप्राय मोठ्यानं वाचायला घेतले. एक होता, 'कपडे छान. खारका सासूबाईंनी खाल्ल्या.' दुसरी म्हणत होती, 'रंग थोडा वेगळा आला, पण पुडी पाहून डोळ्यांत पाणी आलं. माझी आई नाही.'

मी उठून उगाच गॅस बघून आले.

"ओटी घेतल्यावर माल परत कसा करणार?" हरीभाऊ म्हणाले. "लाज असते माणसाला."

"म्हणजे मी बरोबर होते," ताई म्हणाल्या.

"नाही काकू. तुमचा हिशोब चुकलाच होता. फक्त नशीब चांगलं होतं," अंतरा म्हणाली. "आणि एवढ्या थोड्या पार्सलांवरून पक्कं काही सांगता येत नाही. पण एक परत येणं म्हणजे दीडशेचा खड्डा. तीन-चार पुड्या त्यात निघतात. पुडी परत घालू. पण वजनात बसवून, आणि किमतीत धरून."

मग दोन दिवस ओटीवर जे चाललं ते बघायला मजा होती. पेटीचे सत्तर ग्रॅम वाचवायचे म्हणून साधं पाकीट घेतलं, पण त्यात कुंचीचा काठ मोडायचा. सुरेखानं आणि ताईंनी मिळून नाना घड्या घालून पाहिल्या. शेवटी ताईंनी कुंचीत पुडी ठेवली, झबलं भोवती घेतलं आणि सगळं दुपट्यात गुंडाळलं, बाळाला गुंडाळतात तसं, टोक आत खोचून. काठ शाबूत राहिला. पुडीतून खोबरं जरा कमी केलं. ओवा-शेपा वेगळ्या बंद पिशवीत गेले, हा माझ्या मुंग्यांचा विजय. वजन चारशे ऐंशी.

किंमत साडेसातशेच्या एक रुपया आत ठेवली. त्यात पुडी होती, तिच्या परवान्याची फी होती आणि ताईंची मजुरीही. ताईंना ते चोरी केल्यासारखं वाटत होतं. "इतकं कोण देईल?" ऑर्डरी थोड्या कमी झाल्याच. पण महिनाअखेरीला पैसे जमा झाले तेव्हा सुरेखाची मजुरी, कापड, जिन्नस सगळं वजा जाऊन ताईंच्या नावावर पहिल्यांदा काहीतरी उरलं. त्यांनी त्यातून काय घेतलं? आणखी खण.

आज दुपारी मी त्यांच्याकडे होते तेव्हा सुरेखाचा फोन वाजला. बंगल्याचा शेट. वर्षअखेरीला पाहुणे येणार होते, दुप्पट पैसे देतो म्हणत होता. ताई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही, पण मशीन उगाच एकाच जागी शिवत राहिलं.

"नाय जमायचं शेट," सुरेखा म्हणाली. "मी आता कारखान्यात हाय." फोन ठेवून तिनं ताईंकडे पाहिलं. "बाई, दोरा संपलाय तुमचा कवाचा."

"कारखाना!" ताई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "ऐकलंत का अहो, आपला कारखाना आहे."

"मग मॅनेजर कोण?" आतून हरीभाऊ.

"तुमी नाय," सुरेखा म्हणाली.

तेवढ्यात अंतरा फोन नाचवत आली. लातूरहून एकाच पत्त्यावर दोन संच. जुळी!

ताई मशीनवरून उठल्याच. आणि लगेच वाद सुरू झाला. अंतराचं म्हणणं, बाळंतीण एक, म्हणून पुडी एक. ताईंचं म्हणणं, दोघांना पाजायचं तर तिला दोन नकोत का? सुरेखानं वाद मिटायची वाट न बघता दोन्ही संच गुंडाळले, दोन्ही पुड्या आत घातल्या आणि पाकीट काट्यावर ठेवलं. नऊशे पंचेचाळीस. किलोच्या आत.

"बसलं!" अंतरा ओरडली.

ताईंनी आकड्याकडे पाहिलं. मग डब्यातून चार खारका उचलल्या. "अजून पंचावन्न ग्रॅम जागा आहे की गं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघींनी त्यांचा हात धरला.