सुरत लई चला

सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर माझं मेडिकल आहे. तिथेच एक जण आपली खाजगी अँब्युलन्स लावतो. आहे ड्रायव्हर, पण गळ्यात स्टेथोस्कोप घालतो. पाड्यांवरून आलेले लोक त्याला डॉक्टर समजतात, आणि तो समजू देतो. पाड्यावरून पेशंट घेऊन जीप आली की तोच आधी नाडी धरतो, मान हलवतो आणि हळूच सांगतो, "केस सिरियस शे. आठे नका थांबू, सुरत लई चला." मोडलेला हातही त्याने असाच सुरतेला नेला, तेव्हापासून मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. त्याने स्टेथोस्कोप सीटवर टाकला, तिला उचललं आणि फाटकातून आत पळाला.

"साहेब, आठेच देखा, मन्ही माय शे."

आई वाचली. आज सकाळी फाटकावर जीप थांबली, तेव्हा स्टेथोस्कोप पुन्हा त्याच्या गळ्यात होता.